मर्ल ओबेरॉन यांच्यावर अन्याय करणारे विधान

हॉलीवूड अभिनेत्री मर्ल ओबेरॉन यांनी आपला मुंबईतील जन्म ‘केवळ प्रसिद्धीच्या हव्यासापोटी’ लपवला, हे त्यांच्यावरील लेखातील विधान मला अन्यायकारक वाटते. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेत भारतीयांच्या स्थलांतरावर बंदी होती, १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले होते, आणि १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या हेज संहितेने (हॉलीवूडच्या चित्रपटांसाठीच्या नियमावलीने) मिश्रवर्णीय प्रेमसंबंध पडद्यावर दाखवणेच निषिद्ध ठरवले होते. अशा काळात एखाद्या अँग्लो-इंडियन मुलीने खरे सांगितले असते, तर गोऱ्या नायकासमोर नायिका म्हणून उभे राहणे आणि १९३५ च्या चित्रपटासाठी ऑस्कर नामांकन मिळवणे तिला जवळजवळ अशक्य झाले असते.

त्यांनी जन्मस्थान म्हणून टास्मानिया सांगितले, आणि ज्या आजी शार्लट यांनी त्यांना वाढवले त्यांची ओळख पाहुण्यांना मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असे सांगतात. ही हौस कशी म्हणावी? भायखळ्याला आमच्या शेजारी राहणाऱ्या एका अँग्लो-इंडियन आजी आपल्या आईचे छायाचित्र कपाटात, साड्यांखाली ठेवत असत. ते त्यांनी मला एकदाच, दार लावून, दाखवले होते.