लाल जागा चोळू नका, भार काढा

व्हॉट्सअॅपवर एक संदेश खूप फिरतोय: "झोपून असलेल्या पेशंटला एअर बेड द्या, मग रात्री हलवायची गरज नाही. कमरेखाली हवेची रिंग ठेवा. पाठ लाल झाली की स्पिरिट-पावडर लावून जोरात चोळा. बेडसोअर फक्त म्हाताऱ्यांना, महिनोन्महिने पडून राहिल्यावर होतात."

बेडसोअर म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमा. मी वॉर्डात सिस्टर आहे. परवा रात्री एका पेशंटची कूस बदलायला गेले, तर त्यांच्या मुलाने हाच संदेश दाखवला. "अहो सिस्टर, आत्ता कुठे डोळा लागलाय बाबांचा. एअर बेड आहे ना!" त्याची माया खरी होती, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात घातक सल्ला चोळण्याचा. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं गेलं की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि पेशी उपाशी राहतात. लाली ही त्याचीच खूण. तिथे चोळलं की दुखावलेल्या पेशींना आणखी इजा होते, स्पिरिटने कातडी कोरडी पडते. त्यापेक्षा बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर जागा फिकी पडली नाही, लाली तशीच राहिली, तर बेडसोअरची पहिली पायरी आली समजा. त्या अंगावर झोपवू नका, लगेच सिस्टरला सांगा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली अनेकदा नीट दिसतही नाही. म्हणून हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, गार, टणक किंवा लिबलिबीत लागतंय का? "तिथे दुखतंय" म्हणाले तर ते मनावर घ्या.

एअर बेड चांगलाच, पण तो दाब कमी करतो, संपवत नाही. कूस बदलावीच लागते, साधारण दर २ तासांनी. पेशंटची कातडी आणि तब्येत बघून हे अंतर कमी-जास्त ठरतं. पूर्ण आडवं कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलतं ठेवा. वर सरकवताना ओढू नका, दोघांनी खालच्या चादरीने उचलून घ्या. ओढताना कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, तिथे आतून फाटतं. पलंगाचं डोकं फार उंच ठेवल्यावर पेशंट घसरतो, तेव्हाही हेच होतं. (नळीने फीड चालू असेल तर उंची डॉक्टरांना विचारूनच बदला.)

रिंग तर नकोच. तिच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. टाचांसाठी पोटरीखाली लांब उशी द्या, टाच अधांतरी राहू द्या.

आणि वयाचं म्हणाल, तर अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह १९९५मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झाले. २००४मध्ये ५२व्या वर्षी ते गेले, तेव्हा बेडसोअरच्या जंतुसंसर्गावर उपचार चालू होते. महिनेही लागत नाहीत. हालचाल बंद असलेल्या पेशंटला काही तासांतच इजा सुरू होऊ शकते.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून बाबांना वळवलं. माकडहाडापाशी रुपयाएवढी जागा गरम लागत होती. पुढची पाळी त्याने स्वतःच मोबाईलवर गजर लावून केली.