'आलोच' म्हणणारा खोटं बोलत नाही

'गोव्याचं घड्याळ' नावाचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. 'आलोच' म्हणजे एक तास, 'पाच मिनिटं' म्हणजे पाऊण तास, 'दुपारनंतर' म्हणजे देव जाणे, 'उद्या' म्हणजे कधीच नाही. खाली शेरा: सुशेगाद (आरामात जगणाऱ्या) माणसांना वेळेची किंमत नसते. हसलो मीही. पण गोव्यातल्या डिचोलीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे गिळवत नाही.

आधी 'आलोच'. संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर उभे राहा. फेरीबोट अजून पलीकडे चोडणला, आणि तुमच्या शेजारचा स्कूटरवाला घरी फोनवर सांगतोय, 'आयलोंच!' क्रियापद चक्क भूतकाळी. म्हणून घरी कुणी दार उघडून उभं राहत नाही. बोट येणार, भरणार, नदी ओलांडणार, हे बायकोला त्याच्याइतकंच ठाऊक. तिला एवढंच कळतं की आता हा मध्ये कुठे रेंगाळणार नाही, हुमण (माशाची आमटी) गरम करायला हरकत नाही. 'आलोच' मिनिटं सांगतच नाही. यापुढे दुसरं काम नाही, एवढंच सांगतं.

'पाच मिनिटं' गोव्याच्या माथी का? एक घटका म्हणजे 24 मिनिटं, एक पळ म्हणजे 24 सेकंद. 'घटकाभर टेका' म्हटल्यावर पंचविसाव्या मिनिटाला उठून गेलेला पाहुणा कुणी पाहिलाय?

'दुपारनंतर'बाबत तर मेसेज साफ चुकलाय. इथली बरीच दुकानं एकच्या सुमारास बंद होतात ती साडेतीन-चारला उघडतात. त्यामुळे 'दनपारां उपरांत यो' याचा अर्थ शटर वर गेल्यावर ये. तीन वाजता येऊन शटर वाजवणाऱ्याला तो कळत नाही, हा शब्दाचा दोष नव्हे. (पुण्यातली एक ते चारची पाटी मात्र शिस्त ठरते, ती कशी?)

कुणीतरी वर पुस्ती जोडलीय, की ज्यांना मागचा 'परवा' आणि पुढचा 'परवा' वेगळा करता येत नाही, ते वेळ काय पाळणार! 'परवा गेलो' आणि 'परवा जाईन' यांत गोंधळ होतो कुणाचा? शिवाय कोंकणीत मागचा तो 'पयर', पुढचा तो 'परवां'. वेगळे शब्द आहेत, बाबा.

आणि सुशेगाद. मुळातल्या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत, आळशी नव्हे. पदेर (पाववाला) उजाडताना पोंऽ पोंऽ करत दारात पाव आणतो, म्हणजे भट्टी कधी पेटली असेल? खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या) मानशीवर, म्हणजे पाण्याच्या दारावर, जाळं लावणाऱ्याला तर ओहोटी गाठावी लागते, आणि ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्याच्या घड्याळात एकदा डोकावून या.

राहिला 'उद्या'. इथे मात्र मेसेजवाल्याला थोडं झुकतं माप देतो. आमच्या खिडकीचं झडप दुरुस्त करायला सुतार मे महिन्यात तीनदा 'फाल्यां येतां' (उद्या येतो) म्हणाला. चूक माझीही होती: 'फाल्यां सकाळीं' म्हणणारा येतो, 'फाल्यां पळोवया' (उद्या बघू) म्हणणारा येत नाही, हे मला कळायला हवं होतं. तो दुसऱ्या जातीचा 'फाल्यां' होता. पाऊस आला, झडपाच्या जागी प्लास्टिक आलं.

आता तो 'चवथीआधी', म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी, म्हणतोय, आणि मी निर्धास्त आहे. चवथ आली की त्यालाही स्वतःच्या घरची माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची असते. पुढचे आठ दिवस तो कुणाच्याच हाती लागत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.