पायलटची ती फेरी देखावा नसते

एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. सोबत खिडकीतून काढलेला व्हिडिओ : चकाकणारं जाकीट घातलेला पायलट टॉर्च घेऊन विमानाभोवती चालतोय. खाली मजकूर असा : "हा निव्वळ देखावा. काही बिघडलं तर कॉम्प्युटर सांगतो. इंजिनिअरांनी सगळं आधीच तपासलेलं असतं. मुरलेल्या पायलटला चेकलिस्ट लागत नाही. आणि दहा मिनिटं फिरून दिसणार काय? उगाच उशीर."

मी एका इंजिनाच्या लहान विमानावर शिकलो. तिथे ही फेरी आधी शिकवली आणि उडणं नंतर, त्यामुळे मेसेज वाचून डोकं तापलं हे कबूल. तरी एकेक दावा बघू.

"कॉम्प्युटर सांगतो." सांगतो, पण त्याच्यापर्यंत जे पोचतं तेवढंच. विमानाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, स्टॅटिक पोर्ट म्हणतात त्यांना. तिथल्या हवेच्या दाबावरून उंची काढली जाते. वेगासाठी पुढे तोंड केलेली पिटो ट्यूब असते. ही भोकं बुजली तरी कॉम्प्युटर धडधाकटच असतो. चुकीच्या आकड्यांवर तो बिनचूक गणित करत राहतो. २ ऑक्टोबर १९९६ ला मध्यरात्र उलटल्यावर लिमाहून एरोपेरूचं बोइंग ७५७ निघालं, तेव्हा हेच झालं. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती आणि ती काढायची राहिली. पट्टी चंदेरी, पटकन डोळ्यांत भरेल अशी नव्हे. वर गेल्यावर कॉकपिटमध्ये वेग फार वाढल्याचा आणि वेग पडून विमान स्टॉल होत असल्याचा (म्हणजे पंखांची उचल संपत असल्याचा), असे दोन्ही इशारे एकदम वाजायला लागले. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ. वैमानिकांनी कंट्रोलरला उंची विचारली. त्याने ९,७०० फूट सांगितली. पण त्याच्या पडद्यावरचा आकडा याच विमानाच्या ट्रान्सपॉन्डरने (उंची रडारकडे कळवणाऱ्या यंत्राने) पाठवलेला होता, म्हणजे त्याच बुजलेल्या छिद्रांतून आलेला. विमान त्या वेळी पाण्याला टेकत आलं होतं. ७० जण गेले.

आता कोणी म्हणेल, त्या रात्रीही कॅप्टनने फेरी मारलीच होती की. मारली होती, आणि पट्टी सुटली. मेसेजमध्ये तथ्याचा एक कण असेल तर तो इथे आहे : पाय फिरले म्हणून डोळे फिरतातच असं नाही. ब्रिस्बेनला १८ जुलै २०१८ च्या रात्री एक एअरबस ए३३० पिटो ट्यूबवरच्या टोप्या तशाच ठेवून उडालं. टोप्या का, तर तिथे कुंभारमाश्या नळीत मातीचं घर करतात म्हणून. (ही भीती पोकळ नाही. १९९६ मध्येच डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेल्या एका ७५७ ची पिटो ट्यूब बुजली होती, बहुधा अशाच माशीमुळे, आणि १८९ जण गेले.) माशी जाऊ नये म्हणून लावलेली टोपीच राहून गेली, टोपीला लाल फीत लोंबत असूनही. विमान सुखरूप परत उतरलं. यावरून फेरी बंद करा असा निष्कर्ष काढणं म्हणजे पहारेकरी झोपला म्हणून दारच काढून टाकणं.

"इंजिनिअरांनी तपासलेलं असतं." असतं, बहुतेक वेळा उत्तम तपासलेलं असतं. पण माणूस तोही. २४ मे २०१३ ला हीथ्रोवरून उडताना एका ए३१९ च्या दोन्ही इंजिनांची फॅनवरची झाकणं उडून गेली आणि एका इंजिनाला आग लागली, लोक वाचले. रात्रपाळीत झाकणांच्या कड्या लावायच्या राहिल्या होत्या. तंत्रज्ञ काम पुरं करायला परतले ते चुकून दुसऱ्याच विमानाकडे. तिथली झाकणं बंद दिसली, त्यांना वाटलं कोणीतरी लावली. सकाळी को-पायलटच्या फेरीतही ते निसटलं, कारण कड्या इंजिनाच्या पोटाशी असतात. नुसतं चालत गेलं तर दिसत नाहीत, वाकावं लागतं.

"मुरलेल्याला चेकलिस्ट लागत नाही." हा दावा सगळ्यात घातक, कारण चेकलिस्ट आलीच मुळी मुरलेल्या माणसाच्या चुकीतून. ३० ऑक्टोबर १९३५ ला बोइंगचं मॉडेल २९९ चाचणीत कोसळलं. चालवत होते मेजर प्लॉयर हिल, सैन्याचे कसलेले चाचणी वैमानिक. जमिनीवर असताना वाऱ्याने शेपटीचे पृष्ठभाग आपटू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढलंच नव्हतं. त्यानंतर यादी करून वाचायची पद्धत रुजली. आणि ३१ मे २०१४ ला अमेरिकेत बेडफर्डला, जवळपास ऐंशी वर्षांनी, गल्फस्ट्रीम ४ तसंच लॉक न काढता धावपट्टीवर धावलं. सातही जण गेले. नोंदी काढल्या तर दोघांच्या आधीच्या १७५ उड्डाणांत नियंत्रणांची पूर्ण तपासणी फक्त दोनदा झालेली. या तपासणीला लागतात काही सेकंद : दांडा सगळीकडे शेवटपर्यंत फिरवून बघायचा.

"दहा मिनिटांत काय दिसणार?" टायरची झीज, ब्रेकची झीज दाखवणारी पिन किती उरली ती, चाकाच्या दांड्यावर ओघळलेलं हायड्रॉलिक तेल, फॅनच्या पात्याला पक्षी किंवा खडा लागून पडलेली खाच, पंखाच्या धारेवरचा बर्फ. लहान विमानात तर टाकीतलं इंधन काचेच्या नळीत काढून बघतात. अ‍ॅवगॅस, म्हणजे लहान विमानांचं पेट्रोल, फिकट निळं असतं. त्यात पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि मध्ये रेघ दिसते. गंमत अशी की नळीत सगळंच पाणी आलं तर रेघ दिसत नाही. नमुना स्वच्छ, एकसारखा, झकास दिसतो. म्हणून नळी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघायचा, वास घ्यायचा. हे मला दोनदा सांगूनही मी एकदा रेघच शोधत बसलो होतो, प्रशिक्षकांनी नळी हातातून काढून घेतली आणि विचारलं, "रंग कोणता?"

राहिला उशीर. ही फेरी बहुतेक वेळा सामान चढत असताना, इंधन भरत असतानाच उरकते. आणि फेरीत काही सापडलं तर उशीर होणारच. तो त्या सापडलेल्या वस्तूच्या खात्यावर लिहा.