जागा एकाच्या नावावर, बसतो दुसराच!

शेतमालाच्या सरकारी बाजारात फाटकाजवळची जागा दरवेळी त्याच चार जणांना कशी मिळते? गिऱ्हाईक तिथेच पिशवी भरतं आणि माघारी फिरतं. मागच्या कोपऱ्यात उन्हात बसलेला शेतकरी पालेभाजीवर नुसतं पाणी शिंपडत राहतो. दुपारपर्यंत ती माना टाकतेच. कहर म्हणजे जागा ज्याच्या नावावर, तो बाजारात फिरकतही नाही, पोटभाड्याने देऊन मोकळा! प्रतीक्षायादी विचारली की ‘साहेब आल्यावर या’. अहो, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा, मोक्याच्या जागा आळीपाळीने फिरवा, यादी फलकावर लावा. पोटभाडेकरू सापडला की मूळ परवानाधारकाची जागा काढून घ्या. यात अवघड काय आहे? नाशवंत माल घेऊन आलेल्या माणसाने थांबायचं तरी किती?