‘कोडिंगचं डोकं उपजतच लागतं’ म्हणे!

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागायला लागल्या की एक मेसेज हमखास फिरतो. सुरुवात ‘पालकांनो, सावधान’, शेवट ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. मधला मजकूर थोडक्यात असा: कोडिंगचं डोकं उपजत असतं, पहिल्या महिन्यातच कळतं कोणाला जमणार आणि कोणाला नाही. बारावीला बायफोकल, म्हणजे कॉम्प्युटर सायन्ससारखा विषय, न घेतलेली मुलं पहिल्याच वर्षी केटी लावून घेतात, म्हणजे विषय मागे ठेवतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी या वाटेला जाऊच नये. गणितात पैकीच्या पैकी नसतील तर विसरा. आणि एवढं सगळं असूनही फायदा नाही, कारण आता कोड एआय लिहितं. म्हणून पहिल्या वर्षाचा तो प्रोग्रामिंगचा विषय पाठ करून एकदाचा सोडवून टाकावा.

मी मराठी माध्यमाची, बारावीला बायफोकल नव्हे तर बायॉलॉजी, म्हणजे पीसीएमबी घेतलेली, आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. या मेसेजच्या हिशेबाने मी केव्हाच गळायला हवी होते. ग्रुपवर काकालोकांना उलट उत्तर दिलं तर लहान तोंडी मोठा घास होतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते. त्यातल्या एकदोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, त्याही सांगते.

‘उपजत डोकं’ ही कल्पना काही आपल्या काकांची नव्हे. 2006 साली लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी एक मसुदा इंटरनेटवर टाकला. त्यांनी प्रोग्रामिंगचा एकही तास न झालेल्या मुलांना अगदी साधे प्रश्न दिले होते. उदाहरणार्थ, ‘ए’मध्ये 10 आहेत, ‘बी’मध्ये 20. पुढची ओळ: ए = बी. आता कशात किती?

बरोबर उत्तर, दोन्हींत 20. पण ज्याला कुणी सांगितलेलं नाही त्याला हे कसं कळावं? शाळेत दहा वर्षं बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘दोन्ही बाजू सारख्या’ असं घोटून घेतलेलं असतं, त्यामुळे 10 = 20 हे सरळ चूक वाटतं. कुणाला वाटतं बीमधले 20 उचलून एमध्ये गेले, म्हणजे बी रिकामा झाला. कुणी डावीकडून उजवीकडे वाचतं आणि बीमध्ये 10 घालतं. गंमत म्हणजे देहनादींनी उत्तर बरोबर की चूक यापेक्षा वेगळंच पाहिलं: मुलगा सगळ्या प्रश्नांना एकच नियम लावतो की दर प्रश्नाला नवा. एकच नियम लावणारे पुढे पास होतात, बाकीचे नापास, आणि कसंही शिकवा, त्यात फरक पडत नाही, असा त्या मसुद्याचा सूर होता. झालं! जगभरच्या प्रोग्रामर लोकांनी तो डोक्यावर घेतला. ‘आम्ही जात्याच वेगळे’ हे ऐकायला कोणाला आवडत नाही?

2014 मध्ये बोर्नाट यांनी हा दावा लेखी मागे घेतला. ही परीक्षा प्रोग्रामर होऊ शकणारे आणि न होऊ शकणारे असे दोन गट वेगळे काढत नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मूळ मसुदा जितका फिरला तितकी ही माघार काही फिरली नाही. फॉरवर्डचा धर्मच तो.

याच कल्पनेचं दुसरं टोक म्हणजे ‘वर्गात दोनच प्रकारची मुलं असतात, मधलं कोणी नसतं’. प्राध्यापकसुद्धा हे छातीठोक सांगतात. 2016 साली एलिझाबेथ पाटित्सास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या वर्गांचे निकाल काढून बसून तपासले. वर्गागणिक निकालांचे 778 आलेख. त्यांपैकी जेमतेम 5.8 टक्क्यांत दोन शिखरं, म्हणजे मुलांचे दोन वेगळे गट, असल्याची सांख्यिकी खूण मिळाली. बाकी सगळीकडे बहुतेक मुलं मधेच, कुठल्याही इतर विषयात असतात तशी.

नापासांचं म्हणाल तर बेनेडसेन आणि कास्परसन या डेन्मार्कच्या संशोधकांनी दोनदा वेगवेगळ्या देशांतून आकडे गोळा केले. 2007 मध्ये पहिल्या प्रोग्रामिंग कोर्सला साधारण 33 टक्के मुलं अडकत होती, 2019 मध्ये 28 टक्के. थोडीथोडकी नाहीत, मान्य. पण चारातली जवळजवळ तीन पार पडतात. हे वाक्य मेसेजमध्ये घातलं तर तो कोणी पुढे पाठवणार नाही.

मग पहिल्या महिन्यातच वर्ग फाटल्यासारखा का दिसतो? दिसतो, हे खरं आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या अँथनी रॉबिन्स यांनी 2010 मध्ये मांडलेलं कारण मला पटतं. या विषयात प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर उभी असते. इतिहासाचा एक धडा बुडाला तरी पुढचा वाचता येतो. इथे लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) निसटला की अ‍ॅरे निसटतो, अ‍ॅरे निसटला की सॉर्टिंग, आणि मग फंक्शन शिकवताना मुलगा नुसता फळ्याकडे बघत बसतो. आमच्या बॅचचा एक जण गणपतीला कोकणात गेला आणि गौरी-विसर्जन करूनच परतला. नेमके त्याच आठवड्यात लूप झाले. दिवाळीपर्यंत त्याच्यावर ‘याला डोकं नाही’चा शिक्का. पुढे कधीतरी लॅबमधल्या एका दादाने त्याला कागदावर ड्राय रन करायला बसवलं. एका रकान्यात ‘आय’ (कितवी फेरी), दुसऱ्यात ‘सम’ (आतापर्यंतची बेरीज), प्रत्येक फेरीला दोन्हींची किंमत पेन्सिलीने लिहायची, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. 1 ते 5 ची बेरीज. चौथ्या फेरीला त्याने स्वतःच विचारलं, ‘म्हणजे सम आधी शून्य केला नाही तर काहीही येईल?’ हा प्रश्न ज्याला पडला त्याचा लूप झाला. त्याचं डोकं गणपतीआधीही तेच होतं.

आता बायफोकल. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. आपल्या बोर्डाचा बारावीचा कॉम्प्युटर सायन्स हा 200 मार्कांचा विषय. त्यात सी प्लस प्लस, एचटीएमएल, 8085 मायक्रोप्रोसेसर सगळं येतं. त्यामुळे ती मुलं पहिल्या प्रॅक्टिकलला टकाटक टाइप करत होती आणि आम्ही सेमिकोलन कीबोर्डवर कुठे असतो ते शोधत होतो. बघून पोटात गोळा येतोच. पण ही आघाडी किती खोल असते?

आमच्या लॅबमध्ये टर्बो सी होतं, म्हणजे सी भाषेतला कोड मशीनला कळेल असा करणारा एक जुना कंपायलर, निळ्या स्क्रीनचा. फॅक्टोरियलचा, म्हणजे 1 पासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा प्रोग्राम होता. 7 दिले, उत्तर 5040, छान. 8 दिले, उत्तर उणे 25216. पहिल्या आठ अंकांचा गुणाकार उणे कसा येईल? बायफोकलवाले, नॉन-बायफोकलवाले, सगळे एका रांगेत बुचकळ्यात. शिकवणाऱ्यांनी ‘टेस्टिंगला 7 पर्यंतच द्या’ म्हणून विषय संपवला आणि जर्नलला 7 चं आउटपुट लागलं.

कारण तसं साधं आहे. त्या जुन्या कंपायलरमध्ये ‘इंट’, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, 16 बिटांची असते, त्यात 32767 च्या वरचा आकडा मावत नाही. 8 चा फॅक्टोरियल 40320. तो मावत नाही म्हणून 65536 ने मागे जातो, आणि 40320 वजा 65536 म्हणजे बरोबर उणे 25216. हे एकदा हाताने केलं की मेमरी, बिट, मर्यादा या गोष्टी आयुष्यभर विसरत नाहीत. बारावीत ‘क्लिअर स्क्रीन’ आणि ‘गेटसीएच’सारख्या ठरलेल्या कमांड पाठ असणाऱ्यांना हे आधी कळलेलं होतं असं काही नाही. पाठांतराची आघाडी पहिल्या अशा उणे आकड्याला संपते.

आणि आधी शिकून आलेल्यांमुळे बाकीचे बुजतात, यावर उपाय करून पाहिलेला आहे. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने पहिल्या कोर्सच्या तुकड्याच वेगळ्या केल्या: पूर्वी काही न शिकलेल्यांची एक, शिकून आलेल्यांची दुसरी. जावा भाषेच्या जागी पायथन आणलं. 2006 च्या सुमारास तिथे कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली दहा टक्क्यांच्या आसपास होत्या, काही वर्षांत चाळीसच्या आसपास गेल्या. तेवढ्यात मुलींची डोकी बदलली असतील असं म्हणायचं असेल तर म्हणा. हार्वर्डचा प्रसिद्ध प्रास्ताविक कोर्सही स्वतःच सांगतो की तिथे येणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनी हा विषय पूर्वी कधीच घेतलेला नसतो.

मराठी माध्यमाच्या मुद्द्यावर मला जरा जास्त बोलायचंय. 1989 च्या प्रमाणित सी भाषेत राखीव शब्द (ज्यांचा अर्थ भाषेनेच ठरवलेला असतो) 32. आजच्या पायथनमध्ये 35. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, रिटर्न. एवढं इंग्रजी तर सातवीतल्या मुलालाही येतं. एरर मेसेजचं म्हणाल, तर ते कॉन्व्हेंटवाल्यांनाही कळत नाहीत. सातव्या ओळीत सेमिकोलन राहिला की टर्बो सी आठव्या ओळीवर पट्टी दाखवतं आणि ‘स्टेटमेंट मिसिंग’ म्हणतं. माझ्या शेजारी बसणारी, इंग्रजी माध्यमातली, आठवी ओळ तीनदा खोडून पुन्हा लिहीत होती. कंपायलर पुढच्या ओळीवर पोचल्याशिवाय त्याला मागे काही राहिलंय हे कळत नाही, ही गोष्ट कुठल्याच माध्यमाच्या शाळेत शिकवत नाहीत.

खरी अडचण येते व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला. समोर बसलेल्या एक्सटर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, ‘व्हॉट इज अ पॉइंटर’ विचारलं की येत असलेलं उत्तरही घशात अडकतं. आकडा वाचून घेणाऱ्या ‘स्कॅनएफ’मध्ये नावाआधी & का लागतं हे मला त्याच लॅबच्या दादाने मराठीत सांगितलं होतं: ‘डबा कुठे पोचवायचा तो पत्ता दे, डब्यात काल काय होतं ते नको सांगू.’ हे डोक्यात पक्कं बसलेलं, पण इंग्रजीत ‘अ‍ॅड्रेस’च्या पुढे गाडी सरकेना. तेव्हा अडलं ते इंग्रजी बोलणं, प्रोग्रामिंग नव्हे, आणि बोलणं सवयीने सुटतं. 2021 मध्ये तांत्रिक शिक्षणाची देशपातळीवरची संस्था असलेल्या एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची तुकडीही सुरू झाली. म्हणजे ‘या वाटेला जाऊच नये’ म्हणणारा मेसेज तिथेही उशिराच पोचलाय.

गणिताबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या वर्षाचे प्रोग्राम म्हणजे पॅलिंड्रोम (उलटा वाचला तरी तोच राहणारा शब्द), वीजबिलाचे स्लॅब, चांदण्यांचे पिरॅमिड, लीप वर्ष. यात कॅल्क्युलस कुठेच नाही. 1900 लीप का नाही आणि 2000 का आहे, हे ‘आणि’ आणि ‘किंवा’ नीट लावण्याचं काम आहे. पुढे डिस्क्रीट मॅथ्स येतं, तेव्हा गणित लागतं. ते तेव्हा बघू.

राहिलं एआय. इथे मेसेजला सगळ्यात जास्त गुण देते. 2022 मध्येच न्यूझीलंडच्या संशोधकांनी कोडेक्स या कोड लिहिणाऱ्या एआय मॉडेलला पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगचे खरे पेपर सोडवायला दिले आणि ते मुलांच्या वरच्या पाव हिश्श्यात बसलं. 2024 मध्ये एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग दुबईत म्हणाले की कोणाला प्रोग्रामिंग करावंच लागू नये असं तंत्रज्ञान घडवणं हे आमचं काम आहे. तेव्हा एआयला हे प्रोग्राम येतात यात वादच नाही.

पण आमच्या वर्गात काय झालं ते ऐका. हजेरीची टक्केवारी काढायची होती, 75 च्या खाली तो डिफॉल्टर. एका मैत्रिणीने एआयकडून पायथनमध्ये कोड घेतला आणि जसाच्या तसा सीमध्ये उतरवला. 40 पैकी 29 तास, म्हणजे 29 भागिले 40 गुणिले 100. पायथनमध्ये 72.5. सीमध्ये दोन्ही आकडे ‘इंट’ ठेवले की 29 भागिले 40 चं उत्तर शून्य, आणि शून्य गुणिले 100 शून्यच. एरर एकही नाही. प्रोग्राम सुखाने चालला आणि अख्खा वर्ग डिफॉल्टर! ती अर्धा तास एआयलाच विचारत होती, पण प्रश्न नेमका काय विचारायचा हेच तिला सुचत नव्हतं. भागाकारापाशी बोट ठेवलं ते गणपतीला कोकणात गेलेल्या त्या मुलाने.

‘पाठ करून सोडवा’ हा सल्ला तर प्रॅक्टिकल परीक्षेत पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. चिठ्ठी उचलायची, नेट बंद. ‘तीन आकड्यांतला सगळ्यात मोठा’ सगळ्यांना पाठ असतो. एक्सटर्नल मुद्दाम म्हणतात, आता दुसऱ्या क्रमांकाचा काढ. किंवा, हाच प्रोग्राम ‘फॉर’ऐवजी ‘व्हाइल’ने कर. पाठ केलेला प्रोग्राम कुठून वाकवायचा तेच कळत नाही.

ज्यांच्या घरी यंदा अ‍ॅडमिशन आहे त्यांनी मेसेजऐवजी कॉलेजच्या लॅबमध्ये एक चक्कर मारावी. एका मशीनवर किती मुलं बसतात? कंपायलर कुठला आहे? चुकलेलं आउटपुट जर्नलला लावलेलं चालतं का, की सगळ्यांचं 5040 च लागतं? पाच वाजल्यानंतर लॅबला कुलूप असतं का, आणि नसेल तर तिथे प्रश्न विचारायला कोण बसलेलं असतं?