चौथी सीट

आमच्या घरात एक स्कूटर आहे. जूनपासून ती मुलीबरोबर कॉलेजात जाते. "बाबा, तू काय, शेअर रिक्षाने जाशील," असं म्हणून मुलीने हेल्मेट घातलं, आणि हेल्मेटमध्ये गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. नुसतं 'पूर्वेला' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फडके रोड, गणपती मंदिर, दिवाळीच्या पहाटे नटूनथटून फिरणारी पोरं-पोरी असं काहीतरी येतं. आमची पूर्व त्या पूर्वेच्याही पूर्वेला. मानपाडा रोड जिथे कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो, तिथे. सूर्य आधी आमच्याकडे उगवतो आणि मग डोंबिवलीत जातो. बहुधा चालत जात असावा. हा सगळा भाग त्या प्रसिद्ध 27 गावांतला. ही गावं 1983 साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, 2002 साली बाहेर पडली आणि 2015 साली पुन्हा आत आली. सारखं सासर-माहेर करणाऱ्या सुनेचं जे होतं तेच आमचं झालं. दोन्हीकडे पाहुणे.

स्टेशन इथून चारेक किलोमीटर. (फ्लॅट घेताना ते 'दहा मिनिटांवर' होतं. किलोमीटर तेवढेच आहेत, मिनिटं वाढली.) माझी नोकरी ठाण्याला. डोंबिवली ते ठाणे साधारण 14 किलोमीटर, आणि जलद लोकल मिळाली तर जेमतेम 20 मिनिटं. त्या प्रवासाबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती इतक्या लाख लोकांची आहे की माझ्या वाट्याला फारशी येत नाही. शिवाय लोकलला एक वेळ असते. आमच्याकडे माणसाची ओळख आडनावाने कमी आणि गाडीने जास्त होते. 'ते हो, आपले 8.16वाले.' सव्वाआठ नव्हे, आठ सोळा. त्या एका मिनिटात लग्नं जमली आहेत आणि डबे विसरले आहेत.

घरापासून स्टेशनापर्यंतच्या चार किलोमीटरांना मात्र वेळापत्रक नाही. तिथे फक्त 'येईल' हा शब्द चालतो. 8.16 पकडायची तर घरून किती वाजता निघायचं, या प्रश्नाचं उत्तर मी महिनाभर शोधलं. 7.50ला निघालो तर 8.04लाच स्टेशनात पोचून खांबाशी गप्पा मारत उभा. 7.52ला निघालो तर 8.31. ही दोन मिनिटं कुठे जाऊन 27 होतात ते मला ठाऊक आहे. चार रस्त्याला. तिथे चारही रस्ते एकाच वेळी येतात.

ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी इंग्रजांनी पुढच्या वर्षी, 1 मे 1854 रोजी, कल्याणपर्यंत नेली. खाडी ओलांडून नेली. तेव्हा चार रस्ता नव्हता म्हणून जमलं.

आता चौथ्या सीटबद्दल. शेअर रिक्षात मागे तिघं बसतात आणि पुढे ड्रायव्हरशेजारी चौथा. ही सीट कायद्यात नाही. रिक्षातही नाही. ड्रायव्हर थोडा उजवीकडे सरकतो, आपण थोडा श्वास आत घेतो, आणि दोघांच्या सामंजस्यातून जी चार बोटं जागा तयार होते तिला चौथी सीट म्हणतात. तिच्यावर आपला जेवढा भाग टेकतो तेवढ्याचंच भाडं घ्यायला हवं, पण घेतात पूर्ण. उरलेला भाग मानपाडा रोडच्या हवेत असतो. डावा हात मागच्या दांडीला, बॅग मांडीवर, गुडघे बाहेर जाऊ नयेत म्हणून नवरीसारखे जुळवलेले.

रिक्षाचा क्लच आणि गिअर दोन्ही हँडलच्या डाव्या मुठीत असतात, हे ज्ञान मला बरगडीतून मिळालं. ड्रायव्हरने गिअर बदलला की त्याचं कोपर येतं. पहिल्या आठवड्यात नुसतं दुखायचं. दुसऱ्या आठवड्यात कुठल्या बरगडीत कोपर आलं त्यावरून गाडी कितव्या गिअरमध्ये आहे हे मी डोळे मिटून सांगू लागलो. घरी सौ.ने आयोडेक्स चोळता चोळता विचारलं, "आज गर्दी फार होती का हो?" म्हटलं, "नाही, चढ होता."

चौथा कोण, हे ड्रायव्हर ठरवतो. तो रांगेवर एकच नजर फिरवतो, पण ती नजर वधूपरीक्षेची असते. बायका मागे. आजोबा मागे. जाड गृहस्थ मागेच, कारण पुढे घेतले तर हँडल वळणार नाही. कॉलेजच्या पोरांच्या कानात बोंडं, त्यांना हाक ऐकूच येत नाही. मग उरतो मी.

"काका, फुडं या."

काका म्हणण्याइतका म्हातारा आणि पुढे बसण्याइतका तरुण, असं हे मधलं वय फार वाईट.

बरं, हा सगळा खटाटोप फक्त स्टेशनला जाण्यासाठी. डोंबिवलीत दुसरीकडे कुठे जायची सोयच नाही. शहर भलतीकडेच वाढलं, पण सगळ्या शेअर रिक्षा अजून स्टेशनाकडेच तोंड करून उभ्या. माझी मावशी पश्चिमेला राहते, दीनदयाळ रोडला. कावळा निघाला तर पाच मिनिटांत तिच्या खिडकीत जाऊन बसेल. मला मात्र आधी रिक्षाने पूर्वेच्या स्टेशनापर्यंत, मग पूल चढून-उतरून रुळांच्या पलीकडे, मग पुन्हा नवी रांग, पुन्हा "काका, फुडं या." मावशी म्हणते, "पुण्याचा भाचा महिन्यातून एकदा येऊन जातो आणि तुला दोन रिक्षा जड झाल्या?" तिला कसं सांगू की पुण्याहून येणारा कल्याणला गाडी बदलून थेट स्टेशनात उतरतो. डोंबिवलीत राहून डोंबिवलीत जायचं, हे खरं अवघड.

बसबद्दल लोक विचारतात. बस आहे. एकदा मी तिच्यातून गेलोही. त्या दिवशी ती चक्क वेळेवर आली, आणि स्टॉपवरचे आम्ही सहाजण तिच्याकडे नुसते बघत राहिलो. आम्हाला वाटलं, कंपनीची असेल. कंडक्टरने दारातून विचारलं, "येताय का?" तेव्हा विश्वास बसला. खिडकीची जागा मिळाली, तिकीट रिक्षापेक्षा स्वस्त पडलं, दोन्ही बाजू पूर्ण टेकल्या. स्टेशनाच्या अलीकडे गर्दीत ती रुतली तेव्हा मी उरलेलं अंतर गाणं गुणगुणत चाललो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तोच शर्ट घालून उभा राहिलो. पस्तीस मिनिटं. स्टॉपच्या शेडवर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक होता. त्यावरचे सगळे 34 शुभेच्छुक मला तोंडपाठ झाले.

मग मी सोसायटीच्या सभेत विषय काढला. दर पंधरा मिनिटांनी बस हवी, असा अर्ज देऊ या. टाळ्या पडल्या. ए विंग म्हणाली, स्टॉप आमच्या गेटजवळ हवा. सचिव म्हणाले, तिथे गाड्या लागतात. बी विंग म्हणाली, आमच्या गेटसमोर मुळीच नको, बाहेरची माणसं उभी राहतील. मी म्हटलं, स्टॉपवर माणसं उभी राहणारच. तर एक निवृत्त बँकवाले म्हणाले, "तेच तर आम्ही म्हणतोय." दीड तासाने मसुदा झाला: स्टॉप सर्व विंगांना जवळ असावा, मात्र कोणत्याही विंगच्या समोर नसावा. खाली 61 सह्या. सह्या करणाऱ्यांत बसने जाणारा मी एकटाच होतो, हे नंतर लक्षात आलं. बाकीच्यांना रस्त्यावरचे इतर लोक बसमध्ये जायला हवे होते, म्हणजे यांची गाडी मोकळी जाईल.

अर्ज दिला. पोच मिळाली. पोच जपून ठेवली आहे.

पण आता काही महिन्यांचाच प्रश्न, असं बँकवाले गेले काही महिने सांगताहेत. आमच्या शीळ रस्त्यावरून मेट्रो जाणार आहे. मेट्रो-12, कल्याण ते तळोजा, 2024 साली भूमिपूजन झालेली. मानपाड्याला स्टेशन, सोनारपाड्याला स्टेशन. मी हर्षभराने नकाशा उघडला आणि बोट ठेवून रेघ गिरवली. रेघ शीळ रस्त्याने सरळ आली आणि सरळ गेली. डोंबिवली रेल्वे स्टेशनाकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

"मग मी ठाण्याला कसा जाणार?"

"सोपं आहे," बँकवाले म्हणाले. "मानपाड्याहून मेट्रोने कल्याणच्या बाजार समितीपर्यंत. तिथे मेट्रो-5 मिळेल, ती भिवंडीवरून ठाण्याला नेईल. बसायला जागा, वर एसी."

काखेत कळसा आणि गावाला वळसा हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या वळशाला एसी असेल असं वाटलं नव्हतं. शिवाय माझी 8.16 डोंबिवलीत, माझे गाडीतले मित्र डोंबिवलीत, तिसऱ्या डब्यातली माझी उभं राहण्याची जागा डोंबिवलीत. ती सगळी भिवंडीला कशी नेऊ?

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या सीटवरून मी ही व्यथा ड्रायव्हरला सांगितली. तो खूश झाला. मेट्रोच्या नकाशाचा त्याने माझ्यापेक्षा चांगला अभ्यास केलेला होता.

"आमचं ठरलंय, काका. मेट्रो चालू झाली की लगेच नवीन लाइन. मेट्रो स्टेशन ते रेल्वे स्टेशन, शेअर." कोपर आलं, तिसरी बरगडी, म्हणजे दुसरा गिअर. "तुम्ही रोजचे. तुमची सीट फिक्स."

"मागची?"

त्याने माझ्याकडे बघितलं. चार रस्ता आला होता, त्यामुळे बघायला त्याला भरपूर वेळ होता.

"मागं बायका बसतात, काका."