चुंबक म्हणजे फ्रीजवरचं नव्हे

ग्राफीन म्हणजे एकाच अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. ‘ग्राफीनला चुंबक बनवलं’ हे त्यावरच्या एका लेखातलं वाक्य वाचून फ्रीजवर चिकटणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तसं नाही हो. माद्रिदच्या स्वायत्त विद्यापीठातल्या गटाने २०१६ साली दाखवलं ते असं: ग्राफीनवर हायड्रोजनचा एक अणू बसला की तो खालच्या कार्बनचा ‘पाय’ (π) इलेक्ट्रॉन, म्हणजे एरवी पापुद्रभर मोकळा फिरणारा, बंधात अडकवतो. मग एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा उरतो, आणि चुंबकत्व त्याच्या स्पिनचं (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगचाच इवलासा चुंबकी गुण). गंमत म्हणजे ते त्या कार्बनवर नसतंच. ग्राफीनच्या जाळीत कार्बन आलटून-पालटून दोन उपजाळ्यांत बसलेले असतात; ते दुसऱ्या उपजाळीतल्या कार्बनांवर काही नॅनोमीटर पसरतं. म्हणून दोन हायड्रोजन एकाच उपजाळीत बसवले तर चुंबकत्व टिकतं, एकमेकांच्या जवळ पण वेगळ्या उपजाळ्यांत बसवले तर गुल! टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या (एकेक अणू दाखवणाऱ्या उपकरणाच्या) सुईने अणू उचलून-ठेवून त्यांनी हे करून पाहिलंय. खरी कमाल ही, आणि लेखात तिला जेमतेम अर्धी ओळ.

मँचेस्टर विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये ग्राफीनवर फ्लोरिन चिकटवून पाहिला होता. स्पिन मिळाले, पण द्रव हेलियमच्या थंडीतही ते एका रांगेत उभे राहिले नाहीत, म्हणजे नेहमीसारखा चुंबक काही झाला नाही. तेव्हा ग्राफीनच्या हार्ड डिस्कच्या गप्पा जरा दमानं.